मेंदूज्वर, एमआरआय आणि आपण: कोकणातल्या नातेवाइकांसाठी

तीन वर्षांपूर्वी ऐन आंब्याच्या काढणीत माझ्या दादाला ताप आला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पडवीत बसून म्हणाला, "खंय काजी भाजतत रे?" आजूबाजूला कुठेही काजू भाजत नव्हते. तासाभराने पुन्हा तोच वास, मग वहिनीला तो आमच्या मेलेल्या आत्याच्या नावाने हाक मारायला लागला. दुपारी आकडी आली. सातव्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या हातात एमआरआयचा रिपोर्ट दिला तेव्हा त्यातला एकही शब्द मला कळत नव्हता, आणि जो कळल्यासारखा वाटला तो मी चुकीचा लावला.

मी डॉक्टर नाही. देवगड तालुक्यात आमची कलमांची बाग आहे. पण त्या तीन आठवड्यांत मी रेडिओलॉजिस्टना, मेंदूच्या डॉक्टरांना, एमआरआयच्या तंत्रज्ञाला जे जे विचारलं ते वहीत लिहून ठेवलं. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच घरांतून फोन आले, आणि दर वेळी तेच सांगावं लागलं. म्हणून एकदाच नीट लिहितो.

१. गाडी काढायची वेळ कधी येते

आपल्याकडे मेंदूज्वर हा शब्द दोन आजारांना वापरतात. मेंदूच्या आवरणाला सूज आली तर मेनिंजायटिस, खुद्द मेंदूला आली तर एन्सेफलायटिस. हा लेख दुसऱ्याबद्दल आहे, आणि त्यातही विषाणूमुळे होणाऱ्या.

ताप आहे, आणि त्यासोबत माणूस असंबद्ध बोलतोय, ओळखीची माणसं विसरतोय, नसलेला वास येतोय म्हणतोय, अचानक चिडखोर किंवा सुस्त झालाय, जीभ अडखळतेय, आकडी आली आहे: यातलं एक जरी असेल तरी सकाळची वाट पाहू नका. दादाला येणारा तो भाजक्या काजूचा वास म्हणजे आकडीचीच सुरुवात होती. वास आणि आठवणी सांभाळणारा मेंदूचा भाग कानाच्या आतल्या बाजूला, टेम्पोरल लोबमध्ये असतो, आणि असा मेंदूज्वर करणारा हर्पिसचा विषाणू नेमका तिथेच घुसतो.

एक गोष्ट मनापासून सांगतो. ताप आणि वेडंवाकडं बोलणं एकत्र आलं की घरात 'बाहेरचं लागलं' ही चर्चा सुरू होतेच. आमच्याकडेही झाली. आई रवळनाथाला गाऱ्हाणं घालायला निघाली होती. गाऱ्हाणं जरूर घाला, पण ते घरी थांबलेल्या माणसाने घालावं. रुग्ण तोवर रस्त्याला लागलेला असावा. कौल मिळेपर्यंत थांबण्याइतका वेळ या आजारात नसतो.

२. कुठे जायचं ते फोनवर ठरवा

किनाऱ्यावरच्या गावातून एमआरआयचं यंत्र आणि मेंदूचे डॉक्टर दोन्ही एका जागी मिळतील असं ठिकाण लांबच असतं. आम्ही फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी असं कोल्हापूर गाठलं. सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडचे लोक गोव्यात बांबोळीला जातात, रत्नागिरीकर आंबा घाटाने कोल्हापूरला, चिपळूणकर डेरवणला किंवा कुंभार्ली घाटाने कराडला, रायगडातले पनवेल-मुंबईकडे.

निघण्याआधी फोन करून तीन प्रश्न विचारा: एमआरआय आज चालू आहे का? रात्री करतात का? आकडी येणाऱ्या रुग्णाला भूल देऊन करायची सोय आहे का? तिसरा प्रश्न सगळे विसरतात, आणि तिथेच पुढे सहा-आठ तास जातात.

वाटेत आकडी येऊ शकते. म्हणून शक्यतो १०८ ची रुग्णवाहिका घ्या. खासगी गाडीच असेल तर रुग्णाला कुशीवर झोपवा, तोंडात चमचा, पाणी, कांदा, काहीही घालू नका.

३. पिशवीत काय हवं

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड, मूळ प्रत आणि झेरॉक्स. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी लागतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. दाखल होताच त्याला गाठा, बिल झाल्यावर नाही.
- गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि आतापर्यंत दिलेल्या औषधांची यादी, वेळेसकट.
- रक्ताचे रिपोर्ट, विशेषतः क्रिएटिनिन. काँट्रास्टचं (फोटोत बिघाड उठून दिसावा म्हणून देतात ते) इंजेक्शन देण्याआधी आणि विषाणूवरच्या अॅसायक्लोव्हिर या औषधाचा डोस ठरवताना मूत्रपिंडाचं काम बघावं लागतं.
- सीटी स्कॅन झाला असेल तर फिल्म आणि सीडी दोन्ही. नुसता कागद नको.
- पेसमेकर, हाडातली सळी, कानातलं यंत्र, हृदयाची झडप असं काही बसवलं असेल तर त्याचं कार्ड.

आणि एक कागद असा, जो कोणी मागत नाही पण डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी पडतो. त्यावर गेल्या महिन्याभरातली रुग्णाची हालहवाल लिहा. काजूच्या बागेत, रानात गेला होता का? गोचीड चावली होती का? आसपास माकडं मरून पडली होती का? सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत, आणि त्या आजारात काहींना पहिला ताप उतरल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी दुसरा ताप येऊन डोक्याची लक्षणं दिसतात. लावणीच्या चिखलात उतरला होता का, पायाला जखम होती का? मग लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) विचार होतो. अंगावर कुठे काळी खपली आहे का? ती स्क्रब टायफसची खूण असू शकते. कुत्रं चावलं होतं का? महिने उलटले असले तरी सांगा. लेप्टो आणि स्क्रब टायफस हे विषाणूचे आजार नाहीत, त्यांची औषधं वेगळी आहेत. एमआरआयचा फोटो एकटा हा फरक करू शकत नाही. तुमचा कागद करू शकतो.

४. औषध आधी, फोटो नंतर

हा सगळ्या लेखातला मुख्य मुद्दा आहे.

हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा एन्सेफलायटिस दर दहा लाखांत वर्षाला दोन-चार जणांनाच होतो, पण औषध न मिळाल्यास दहातले सात जण दगावतात. त्यावर अॅसायक्लोव्हिर हे औषध आहे. ते शिरेतून, साधारणपणे वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी देतात. गोळीने हे काम होत नाही. आणि शंका आली की ते सुरू करायचं असतं. एमआरआयचा नंबर उद्या लागणार असेल तर औषध उद्यावर ढकलायचं नाही.

आमच्या बाबतीत पहिल्या ठिकाणी सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल आला, आणि "मानसिक ताण दिसतो, झोपेचं इंजेक्शन देऊ" म्हणून एक पूर्ण रात्र गेली. आम्हीही सुटकेचा श्वास टाकला. पहिल्या दोन-चार दिवसांत सीटीवर या आजाराचं काहीच न दिसणं अगदी नेहमीचं आहे. सीटी रक्तस्राव, मोठी गाठ, मोठी सूज बघायला चांगला. सुरुवातीची सूज त्याला दिसत नाही. ती एमआरआयला दिसते.

त्यामुळे डॉक्टरांना नम्रपणे, पण स्पष्ट विचारा: "हर्पिसची शंका आहे का? अॅसायक्लोव्हिर सुरू केलं का?" हा प्रश्न विचारण्यात काही उद्धटपणा नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मला उलट सांगितलं, तुम्ही आदल्या रात्री विचारलं असतंत तर बरं झालं असतं.

५. यंत्राच्या दाराशी

एमआरआय म्हणजे मोठा लोहचुंबक, आणि तो चोवीस तास चालू असतो. तपासणी सुरू नसतानाही. लोखंडी स्टूल, ऑक्सिजनचा सिलिंडर, सलाईनचा स्टँड आत ओढला जातो. आपण मदत म्हणून सिलिंडर घेऊन मागोमाग शिरू नये.

रुग्णाच्या अंगावरची प्रत्येक वस्तू काढावी लागते. दादाच्या कमरेला चांदीचा करदोडा होता, लहानपणापासूनचा. तो कुणाच्या लक्षात आला नाही. गाऊन घालून आत नेल्यावर तंत्रज्ञाच्या हाताला लागला, बाहेर आणला, गाठ सुटेना, शेवटी वहिनीने कात्रीने कापला आणि रुमालात बांधून घेतला. पंधरा मिनिटं गेली. म्हणून वॉर्डातच बघा: करदोडा, ताईत, गंडा, मंगळसूत्र, जोडवी, चमकी, कानातली बाळी, केसातल्या पिना, दातांची काढता येणारी कवळी. जोडवी साबणाच्या पाण्याने निघतात. आत सोबत उभं राहणाऱ्या नातेवाइकालाही हेच नियम आहेत. मोबाइल, चावी, एटीएम कार्ड बाहेर.

तंत्रज्ञ एक अर्ज भरून घेतो. तो घाईत 'नाही, नाही, नाही' करून टाकू नका. वेल्डिंग, ग्राइंडिंग, बोटीच्या इंजिनाचं काम करणाऱ्यांच्या डोळ्यात लोखंडाचा बारीक कण राहिलेला असू शकतो. त्याला त्रास नसतो म्हणून माणूस विसरतो, पण चुंबकात तो हलू शकतो. बाई गरोदर असेल किंवा तांबी बसवलेली असेल तर सांगा. तांबीमुळे सहसा तपासणी अडत नाही, पण त्यांना माहीत असलेलं बरं.

साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो आणि आवाज फार मोठा होतो. कानात बोळे देतात. रुग्ण हलला की चित्र पुसट येतं, आणि पुसट चित्रावर कुणी ठाम बोलत नाही. भ्रमात असलेला माणूस स्थिर पडून राहील ही अपेक्षा ठेवू नका. भुलीची गरज लागेल असं वाटलं की सहा तास काही खायला देऊ नका. आमच्या एका काकांनी प्रेमाने दादाला पेज भरवली आणि नंबर पुढे गेला.

६. रिपोर्टातले शब्द

मी केलेली पहिली चूक सांगतो. रिपोर्टात 'लेफ्ट' लिहिलं होतं आणि फिल्मवर पांढरा भाग उजवीकडे दिसत होता. मला वाटलं रिपोर्टच अदलाबदल झाला. तसं नसतं. फिल्म आपण रुग्णाच्या पायांकडून बघतो आहोत अशी छापतात, त्यामुळे त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. कडेला आर किंवा एल अक्षर असतं.

दुसरी चूक: 'हायपरइंटेन्स' म्हणजे 'फार गंभीर' असं मी घरी फोनवर सांगून मोकळा झालो. आईने जेवण सोडलं. हायपरइंटेन्स म्हणजे त्या भागाचा रंग आजूबाजूपेक्षा पांढरा, एवढंच. हायपोइंटेन्स म्हणजे काळपट.

एकाच मेंदूचे वेगवेगळ्या पद्धतीने फोटो काढतात, त्यांना सिक्वेन्स म्हणतात. टी-वन मध्ये मेंदूची रचना दिसते. टी-टू मध्ये पाणी पांढरं दिसतं, आणि सूज म्हणजे वाढलेलं पाणीच. फ्लेअर हा टी-टूचाच प्रकार, फक्त मेंदूभोवतीचं नेहमीचं पाणी त्यात काळं करून टाकतात, म्हणजे सुजेचा पांढरेपणा उठून दिसतो. नातेवाइकांना दाखवताना डॉक्टर बहुधा हाच दाखवतात. डिफ्युजन हा सगळ्यात लवकर बोलणारा सिक्वेन्स. पेशी फुगल्या की पाण्याच्या कणांची हालचाल अडते, त्याला 'रिस्ट्रिक्टेड डिफ्युजन' म्हणतात. फ्लेअरवर काही दिसण्याआधी इथे दिसू शकतं. एसडब्ल्यूआय रक्ताचे बारीक ठिपके दाखवतो. 'ब्लूमिंग' लिहिलं असेल तर तिथे थोडा रक्तस्राव झाला आहे असा अर्थ निघू शकतो.

'मास इफेक्ट' म्हणजे सुजेने शेजारच्या भागावर दाब. 'मिडलाइन शिफ्ट' म्हणजे मेंदूची मधली रेघ सरकली. हे दोन शब्द असतील तर डॉक्टर कुठली काळजी घेत आहेत ते त्याच दिवशी विचारा. 'एन्हान्समेंट' म्हणजे काँट्रास्ट दिल्यावर तो भाग चमकला. 'सजेस्टिव्ह ऑफ' म्हणजे तसं वाटतंय. 'क्लिनिकल कोरिलेशन' म्हणजे फोटो आणि रुग्ण दोन्ही बघून ठरवा. हे वाक्य जवळपास प्रत्येक रिपोर्टात असतं, त्याने घाबरू नका.

७. पांढरं कुठे आहे, यावर बरंच अवलंबून

रेडिओलॉजिस्टनी मला फिल्म उजेडावर धरून दाखवली. दादाच्या डाव्या टेम्पोरल लोबचा आतला भाग, हिप्पोकॅम्पस (आठवणी सांभाळणारा भाग) धरून, धुतलेल्या कापसासारखा पांढरा. तिथून तो पांढरेपणा इन्सुलापर्यंत, म्हणजे टेम्पोरल लोबच्या आड दडलेल्या घडीपर्यंत, गेलेला. उजवीकडेही होता, पण पुसट. "हे बघा," त्यांनी पेनाचं टोक मधल्या राखाडी गोळ्यांवर ठेवलं, "हे बेसल गँग्लिया वाचलेत. इन्सुला पांढरा, आणि त्याला लागून असलेला हा भाग स्वच्छ."

हर्पिसचं ठसठशीत चित्र असं असतं: टेम्पोरल लोबचा आतला भाग, इन्सुला, कपाळामागचा खालचा भाग, सिंग्युलेट गायरस. बहुतेकदा दोन्हीकडे, पण कमी-जास्त. बेसल गँग्लिया सहसा सुटलेले. अर्धांगवायूत रक्तवाहिनी बंद होते तेव्हा त्या वाहिनीच्या हद्दीतला भाग जातो, त्यात बेसल गँग्लियाही सापडू शकतात. म्हणून तो गोळा स्वच्छ दिसणं महत्त्वाचं. तान्ह्या बाळांत मात्र हा नियम चालत नाही, त्यांच्यात मेंदूचा कुठलाही भाग सापडू शकतो.

जपानी मेंदूज्वरात दोन्ही थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या मधोमध असलेले गोळे, पांढरे दिसतात, कधी मेंदूच्या देठातला सबस्टॅन्शिया नायग्राही. डेंग्यू मेंदूपर्यंत गेला तर त्यातही थॅलॅमस धरतो. रेबीजमध्ये मेंदूचा देठ, हिप्पोकॅम्पस, थॅलॅमस यांत फिकट बदल दिसू शकतात. चांदीपुरा विषाणू तर आपल्याच राज्यातला, १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला. तो मुलांना गाठतो, आणि इतक्या झपाट्याने की पुष्कळदा फोटोची वेळच येत नाही.

सापळा असा आहे की आकडीनंतरही हिप्पोकॅम्पस काही दिवस पांढरा दिसू शकतो. विषाणूशिवाय, शरीराच्याच प्रतिकारशक्तीने होणारा ऑटोइम्यून एन्सेफलायटिसही टेम्पोरल लोब धरतो. आणि उलट बाजूने, अगदी लवकर काढलेला एमआरआय नॉर्मल येऊनही आजार असू शकतो. मग काही दिवसांनी पुन्हा काढतात. "परत पैसे काढायला सांगतायत" असं त्यावर म्हणू नका.

८. पाठीतलं पाणी

फोटो जागा दाखवतो, विषाणूचं नाव पाठीच्या पाण्याच्या पीसीआर तपासणीत (तीत विषाणूचा जनुकीय अंश शोधतात) कळतं. पाठीतून पाणी काढायला घरचे फार घाबरतात. "पाणी काढलं की माणूस लुळा पडतो" हे मी चार घरांत ऐकलं. सुई कमरेच्या खालच्या मणक्यांत घालतात, मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. नंतर डोकं दुखू शकतं, ते उतरतं. मेंदूवर दाब जास्त असेल तर मात्र डॉक्टर थांबतात, म्हणून आधी स्कॅन बघतात. संमतीची सही करायला दोन दिवस घालवू नका. आणि पहिल्या ७२ तासांतला पीसीआर निगेटिव्ह येऊ शकतो, तेव्हा चित्र हर्पिसचं असेल तर औषध बंद न करता पुन्हा तपासतात.

९. चौदा ते एकवीस दिवस म्हणजे तेवढेच दिवस

आठव्या दिवशी दादा उठून बसला, चहा मागितला, "आंबो उतरवलास काय?" म्हणाला. काकांनी लगेच डिस्चार्जची गोष्ट काढली, कारण बागेत माल पिकत होता आणि बिल वाढत होतं. डॉक्टरांनी सोडलं नाही. अॅसायक्लोव्हिर १४ ते २१ दिवस पूर्ण व्हावं लागतं, अर्ध्यावर सोडलं तर आजार उलटू शकतो. औषध चालू असताना पोटात किंवा सलाईनमधून पाणी भरपूर जातंय ना, लघवी होतेय ना, हे नातेवाइकाने मोजून वहीत लिहावं. हे औषध मूत्रपिंडात साचून त्रास देऊ शकतं.

घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा वागणं बदललं, झोप उडाली, तोंडाच्या किंवा हाताच्या विचित्र हालचाली दिसल्या, तर तो विषाणूच असेल असं नाही. हर्पिसनंतर काही रुग्णांत प्रतिकारशक्ती मेंदूवरच उलटते. त्याला वेगळी तपासणी आणि वेगळं औषध असतं. लगेच परत जा. आकडीच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

१०. नंतरचा फोटो, आणि फिल्म कुठे ठेवायची

दादाचा एमआरआय तीन महिन्यांनी पुन्हा काढला. सूज गेली होती, पण डावा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला, तिथे थोडा पांढरेपणा उरलेला. त्याला 'ग्लायोसिस' लिहितात, म्हणजे भरलेल्या जखमेचा वण. आजार परत आला असा त्याचा अर्थ नाही. दादाला आजोबांनी लावलेलं प्रत्येक कलम आठवतं, पण सकाळी आलेला व्यापारी दुपारी आठवत नाही. आम्ही पडवीत फळा लावला आहे, येणाऱ्याचं नाव वहिनी त्यावर लिहिते.

प्रत्येक नव्या फोटोच्या वेळी जुना लागतो, कारण डॉक्टर दोन्ही शेजारी ठेवून बघतात. आमच्या पहिल्या फिल्म लोखंडी पेटीत ठेवल्या होत्या. एका पावसाळ्यात खाऱ्या दमट हवेने त्या एकमेकींना चिकटल्या, वर बुरशी आली. फिल्म सुट्या, प्रत्येकीमध्ये कागद घालून, कपाटाच्या वरच्या खणात उभ्या ठेवा. सीडी मिळाल्या दिवशीच पेनड्राइव्हवर उतरवा, आणि एक प्रत शहरात राहणाऱ्या नातेवाइकाकडे द्या.